शाळेची किंमत लेकीला कशी सांगायची?

पुण्यातल्या एका आईने विचारलं आहे. लेक पाचवीत, दहा वर्षांची. शाळा चांगली, व्हॅन दारात येते, घरात पुस्तकांची कमी नाही. तरी रोज सकाळी "आज नको ना शाळा" हे ठरलेलं. शेवटी आईने तिला मलालाचा एक व्हिडिओ दाखवला आणि जगात किती मुलींना शाळा मिळत नाही ते समजावून सांगितलं. लेक रडली, रात्री आईला बिलगून झोपली आणि सकाळी पुन्हा "शाळा नको". वर म्हणाली, "मला ते परत दाखवू नकोस. मी काय करणार त्याला?" शिक्षणाचं मोल आणि जगातली ही विषमता या वयात मुलीला शिकवायची कशी, हा आईचा प्रश्न. जाता जाता त्यांनी हेही लिहिलं आहे की मुलीच्या आजीची शाळा चौथीनंतर सुटली आणि आजी आता साताऱ्याकडे गावी असतात.

ताई, मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. त्यातली बरीच बीड जिल्ह्यात, जिथून लोक ऊसतोडीला जातात त्या गावांत गेली. निवृत्तीनंतर पुण्यात आठ ते चौदा वयाच्या मुलींचे रविवारचे वर्ग घेते. दोन्हीकडच्या मुली रोज जवळून पाहिल्या आहेत, म्हणून उत्तर जरा लांबेल.

पहिलं काम साधं आहे. "शाळा नको" याच्यामागे काय आहे ते आधी शोधा. पाचवीतल्या मुलींच्या बाबतीत मला बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण सापडलं: अपूर्णांक अडलेले असतात, शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीशी बिनसलेलं असतं, नाहीतर शाळेतलं स्वच्छतागृह इतकं घाण असतं की पोर दिवसभर पाणी पीत नाही. यातलं काही असेल तर मलालाची गोष्ट सांगून ते सुटत नाही. उलट मुलीला वाटतं, माझ्या अडचणीला या घरात किंमत नाही, कारण दुसरीकडे कुणाची तरी अडचण जास्त मोठी आहे. वर्गशिक्षिकांना भेटा, आणि मुलीची पाण्याची बाटली संध्याकाळी किती भरलेली परत येते तेही बघा.

आता मूळ प्रश्न. "त्या बिचाऱ्या मुलींना बघ, तुला सगळं आयतं मिळतंय" ही तुलना कृपा करून करू नका. हेतू चांगला असतो, पण मुलीच्या कानावर पडतं ते "तू गप्प बस, तक्रार करू नकोस" एवढंच. मीही सुरुवातीला हेच करत होते. एका रविवारी मुलींना ऊसतोडीच्या मुलांचे फोटो दाखवले, सगळ्या हळहळल्या, पुढच्या आठवड्यात जुने कंपासबॉक्स आणि आखूड झालेले फ्रॉक पिशव्या भरून आले. पिशव्या माझ्या हाती दिल्या आणि विषय संपला. एकीनेही विचारलं नाही की ही मुलं शाळेत का नव्हती. तेव्हापासून मी बदलले. आता मुलींसमोर फक्त एक प्रश्न ठेवते: दार कुठे बंद झालं? कुणाचं दार, कोणत्या वर्षी, कोणत्या कारणाने, ते कुणी बंद केलं आणि ते उघडायला काय लागलं असतं. दहा वर्षांच्या मुलीला हा प्रश्न नीट झेपतो. कीव मात्र तिला झेपत नाही. ती रडते आणि मग कान झाकून घेते, तुमच्या लेकीने केलं तसंच.

माझ्याकडची एक गोष्ट सांगते, जी मी मुलींनाही सांगते.

दिवाळीच्या आगेमागे आमच्या गावातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघायच्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, ज्वारीचं पोतं, अंथरुणं, एखादी शेळी, वर म्हातारीकोतारी आणि पोरं. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते आणि ती फेडायला हंगामभर कारखान्याच्या भागात राहायचं, कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. आईबाप पहाटे अंधारात फडात जातात. मागे धाकट्या भावाला सांभाळायला, पाणी भरायला, भाकरी थापायला कोण? दहा वर्षांची मुलगी. तिला शाळेतून कुणी काढत नाही. हजेरीपटावर नाव असतं, पण नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल त्या नावापुढे गैरहजेरीची रांग लागते.

चौथीतली अशी एक मुलगी एप्रिलमध्ये परत आली, तेव्हा मी तिची वही उघडली. मराठीची दुरेघी वही. एका पानावर नोव्हेंबरमधलं शुद्धलेखन, वळणदार अक्षर. त्यानंतरची आठ-दहा पानं कसल्याशा आकड्यांनी भरलेली, पेन्सिलने, काही ठिकाणी पाणी पडून पुसट झालेली. मला वाटलं भावाने रेघोट्या ओढल्या असतील. तिला विचारलं तर म्हणाली, "बाई, ह्या खेपा हायेत. कोणत्या दिवशी किती टन गेला त्ये." आई-बाप दोघांनाही लिहिता येत नव्हतं. रोज संध्याकाळी बाप सांगायचा आणि ही लिहून ठेवायची. हंगाम संपला तेव्हा मुकादमाच्या वहीत आणि हिच्या वहीत फरक निघाला. बापाने हिची वही पुढे केली. सगळे पैसे काही मिळाले नाहीत, पण थोडे वाढवून मिळाले. दुसऱ्या दिवशी बाप स्वतः शाळेत येऊन मला म्हणाला, "पुढल्या साली हिला नेत न्हाई."

आणि नेलं नाही. अशा मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची सोय असते, मूल आजी-आजोबांकडे राहतं आणि जेवण शाळेतून मिळतं. ही आजीजवळ राहून पाचवी, सहावी, सातवी शिकली. आठवीच्या वर्षी आजी गेली. मोठ्या झालेल्या मुलीला गावात कुणाच्या भरवशावर ठेवायचं? ती पुन्हा टोळीबरोबर गेली, आणि सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं. पुढे एकदा तिचा फोन आला होता. मुलीला पहिलीत घालायचं होतं, जन्मदाखला कुठून काढायचा ते विचारत होती.

ही गोष्ट सांगून झाली की मी विचारते, दार कुठे बंद झालं? कुणी म्हणतं लग्न झालं तिथे. कुणी म्हणतं आजी गेली तिथे. एकदा आठ वर्षांची एक चिमुरडी म्हणाली, "आईबाबांना गावातच काम असतं तर ते गेलेच नसते." मोठ्या मुली तिच्याकडे बघतच राहिल्या. मी उत्तर बरोबर-चूक ठरवत नाही. चर्चा अर्धा-पाऊण तास चालते आणि कंपासबॉक्सचा विषय निघत नाही.

लग्नाचं म्हणाल तर ते बीडपुरतं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी जवळपास २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. देशाचा आकडा २३ च्या आसपास. बीड आणि परभणीत तो चाळिसाच्या वर. हे आकडे मी बारा-तेरा वर्षांच्या मुलींना सांगते, दहाच्या मुलींना सांगत नाही. तुमच्या लेकीला एवढंच पुरे, की आपल्याच राज्यात काही मुलींचं लग्न शाळेच्या वयात लावतात, ते कायद्याने चूक आहे, आणि त्यामागे बहुतेक वेळा आईबापांची भीती आणि हातात नसलेला पैसा असतो.

दार उघडतं कसं, हेही सांगायला विसरू नका, नाहीतर मुलगी हताश होते. आमच्या गावाला माध्यमिक शाळा नव्हती, ती सात किलोमीटरवर. सातवीनंतर मुलगे सायकलने जात आणि मुली घरी बसत. मग मानव विकास कार्यक्रमातल्या, खास मुलींसाठीच्या निळ्या एसटी गाड्या सुरू झाल्या. पास मोफत. त्या वर्षी आमच्या सातवीतल्या नऊपैकी आठ मुलींनी आठवीत नाव घातलं. गावकऱ्यांचे विचार एका उन्हाळ्यात बदलले नव्हते. गाडी आली होती. ती गाडी चार दिवस संध्याकाळी उशिरा आली, तर पाचव्या दिवशी दोन मुली घरी. मुलींना हे सांगते तेव्हा त्यांना कळतं की शिकण्याची आवड, आईबापांची माया वगैरे सगळं असून एखादीचं शिक्षण संध्याकाळच्या साडेपाचच्या गाडीवर टांगलेलं असू शकतं.

घरी करून बघण्यासारखा एक उद्योग आहे. कागदावर चोवीस चौकोन आखा, एक चौकोन म्हणजे एक तास. लेकीने स्वतःचा कालचा दिवस त्यात भरायचा: झोप, शाळा, खेळ, टीव्ही, सगळं. शेजारी दुसऱ्या मुलीचा दिवस भरा. कोपीतल्या मुलीचा दिवस वर मी सांगितला आहे, तोच घ्या. दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि तुम्ही काही बोलू नका. माझ्या वर्गात एकीने बराच वेळ बघून म्हटलं, "हिला सकाळी कुणी उठवत नाही. हीच सगळ्यांना उठवते." मी इतक्या वर्षांत तो कागद कितीतरी वेळा वापरला होता, पण हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग जग. युनेस्कोने २०२३ मध्ये काढलेल्या हिशोबात जगातली सुमारे २५ कोटी मुलं-मुली शाळेबाहेर होती, त्यात १२ कोटी २० लाख मुली. म्हणजे शाळेबाहेर मुलगेही निम्मे आहेत, आणि हेही मुलींना खरंखरं सांगावं. आफ्रिकेतल्या लेसोथो देशात तर कितीतरी वर्षं मुलगेच शाळा सोडून डोंगरात गुरं-मेंढ्या राखायला जात आणि वर्गात मुली जास्त दिसत. पण कोटींचे आकडे दहा वर्षांच्या डोक्यात राहत नाहीत. एका वेळी एक देश घ्या, आणि त्या देशातलं एकच दार.

अफगाणिस्तानातलं दार फर्मानाने बंद झालं, त्यामुळे ते सांगायला सगळ्यात सोपं आणि ऐकायला सगळ्यात जड. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानची सत्ता आली. पुढच्या महिन्यात मुलग्यांच्या माध्यमिक शाळा उघडल्या, मुलींच्या नाहीत. तिकडे बऱ्याच भागांत शाळेचं वर्ष वसंतात सुरू होतं. २३ मार्च २०२२ ला मुलींच्या शाळाही उघडणार असं जाहीर झालं होतं. मुली गणवेश घालून, दप्तरं घेऊन आल्या, काही वर्ग भरलेही, आणि काही तासांतच हुकूम आला की घरी जा. त्या दिवशीची छायाचित्रं आहेत, रडत बाहेर पडणाऱ्या मुलींची. ती लेकीला दाखवू नका, शब्दांत सांगा. तेव्हापासून तिथे मुलींची शाळा सहावीपर्यंतच. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठं मुलींना बंद झाली. डिसेंबर २०२४ मध्ये नर्स आणि सुईणींच्या प्रशिक्षण संस्थाही मुलींना बंद झाल्या. मुलींना शिकू दिलं नाही तर उद्या बायकांना तपासायला बाई डॉक्टर कुठून येणार, हा प्रश्न माझ्या वर्गातल्या अकरा वर्षांच्या मुलींनी मी न विचारता काढला.

पाचवीतली मुलगी इथे आपोआप बोटं मोजते. सहावीपर्यंत, म्हणजे माझं अजून एकच वर्ष. तिला मोजू द्या. सहावीत नापास झालो तर बरं, निदान आणखी एक वर्ष शाळेत बसता येईल, असं तिथल्या मुली म्हणत असल्याच्या बातम्या आल्या होत्या. हे वाक्य सांगितलं की वर्गात शांतता पसरते.

आणि इथेच हमखास एक वाक्य येतं: "ते लोक तसेच असतात." त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायला हवं, उशीर करू नका. एक तर तिथल्याच कितीतरी आया, बाप, शिक्षिका लपूनछपून घरात वर्ग चालवतात, पकडलं गेलं तर काय होईल ते माहीत असून. आणि दुसरं आपल्या पुण्याचं. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा सावित्रीबाईंच्या अंगावर शेणमाती फेकणारे हात याच शहरातले होते. सावित्रीबाईंची दुसऱ्या लुगड्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, आणि ३ जानेवारीला भाषणात ती सांगून आपण थांबतो. मला त्यापेक्षा मुक्ता साळवे सांगावीशी वाटते. फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली मुलगी, वय चौदा, शाळेत जेमतेम तीन वर्षं गेलेली. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. आम्हाला वेद वाचायचा अधिकार नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असा सवाल त्या पोरीने छापून विचारला. तीन वर्षांच्या शाळेने काय होतं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. निबंध मिळतो, लेकीला मोठ्याने वाचू द्या. भाषा जुनी आहे, पण अडखळत का होईना, मुली वाचतात.

बाकीची दारं पुढे महिन्याला एक या हिशोबाने घ्या. आफ्रिकेतल्या नायजर देशात शंभरातल्या सुमारे ७६ मुलींचं लग्न अठराच्या आत होतं, तिथे माध्यमिक शाळेचं दार लग्नाने बंद होतं. बांगलादेशाने १९९४ पासून खेड्यातल्या माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींना विद्यावेतन द्यायला सुरुवात केली. अटी तीन: पंचाहत्तर टक्के हजेरी, ठरावीक गुण, आणि लग्न झालेलं नसावं. मुलींची संख्या पुढे खूप वाढली. जपान मात्र नक्की घ्या, नाहीतर मुलींना वाटतं हे सगळं गरिबीमुळेच होतं. २०१८ मध्ये उघड झालं की टोकियोतलं एक वैद्यकीय विद्यापीठ प्रवेश परीक्षेत मुलींचे गुण मुद्दाम कमी करत होतं, आणि तेही वर्षानुवर्षं, मुली पुढे लग्न-बाळंतपणात काम सोडतील म्हणून. श्रीमंत देश, झकपक इमारती, आणि दार उत्तरपत्रिकेत बंद.

आता घराकडे येते, कारण मुलगी शिकते ती तिथे. अभ्यासाला बसलेल्या मुलीला पाहुण्यांना पाणी द्यायला उठवतात आणि शेजारी मोबाइलवर खेळणाऱ्या भावाला उठवत नाहीत, हे तुमच्या घरात होतं का? कुणी मावशी-आत्या "किती शिकवलं तरी शेवटी परक्याचं धन" म्हणते तेव्हा तुम्ही हसून सोडून देता की तिथेच बोलता? ते एक वाक्य तिच्या कानावर पडतं आणि तुम्ही गप्प बसता, तेव्हा मलालाचे दहा व्हिडिओ वाया जातात. आणि तुम्ही स्वतः काही नवीन शिकताय हे तिला दिसू द्या. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई चाळिशीत बारावीचा फॉर्म भरून बसली होती. त्या मुलीला शिक्षणाचं मोल सांगायची वेळच आली नाही. ती आईची प्रश्नपत्रिका सोडवून घेत होती.

एक विनंती. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीला बोलावून "बघ, ही कशी शिकते" असं करू नका. ती नमुना म्हणून उभी करायची वस्तू नाही. दोघी आपणहून खेळल्या, बोलल्या तर चांगलंच.

"मी काय करणार त्याला?" या तिच्या प्रश्नाला खोटं उत्तर देऊ नका. काबूलची शाळा ती उघडू शकत नाही. पण नजर ठेवणं तिला जमतं. माझ्या वर्गातल्या दोघींनी त्यांच्या सोसायटीशेजारच्या बांधकामावर चार मुलं दिवसभर वाळूत खेळताना पाहिली आणि घरी विचारलं, यांची शाळा कुठे आहे? शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलाला वर्षाच्या मध्येही प्रवेश मिळतो, दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. मुलींना घेऊन त्यांचे आईबाबा जवळच्या महापालिकेच्या शाळेत जाऊन बोलले. शिक्षक बांधकामावर आले. दोघांना प्रवेश मिळाला. एकीला धाकट्या बहिणीला सांभाळायचं होतं म्हणून ती गेली नाही, चौथ्याचे आईवडील तोवर दुसऱ्या कामावर निघून गेले होते. पुढच्या रविवारी त्या दोघी फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि राहिलेल्या दोघांची दारं कुठे बंद झाली ते स्वतःच सांगू लागल्या.

तुमच्याकडे सुरुवात आजींपासून करा. चौथीनंतर शाळा सुटली, एवढंच तुम्ही लिहिलंय. का सुटली ते तुम्हालाही नीट माहीत नसेल. फोन लेकीला लावू द्या, स्पीकर लावू नका, आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत जा. नाहीतर आजी तुमच्याशीच बोलत बसतील. लेकीने तीन गोष्टी विचारायच्या: शेवटच्या दिवशी वर्गात काय शिकवलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी तू काय केलंस, आणि तुझी पाटी-पुस्तकं कुठे गेली. उत्तरं तिने वहीत आजीच्याच शब्दांत लिहायची. तुम्ही शुद्धलेखन तपासू नका. तिने दाखवली तरच वाचा.